ओळीबाहेर

घड्याळजीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं आणि मी ते विसरलोही नव्हतो. हरवू नये म्हणूनच ते शब्दकोशात ‘ओ’च्या पानांत ठेवलं होतं. शब्दकोश मी रोज उघडतो. ‘ओ’ची पानं तेवढी टाळून उघडायची सवय लागली होती.

पाकिटावर ‘पडद्यावरची वाक्यं ज्यांनी लिहिली त्यांस’ असं होतं. आत निळ्या शाईत, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘महोदय, माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. सगळं आपल्या भाषेत असल्यामुळे बरं वाटतं. एकच विचारायचं होतं. आवाजाच्या पानावर “ओळीबाहेर” असं लिहिलंय. ते तसंच असायला हवं, की काही बिघाड आहे? सवडीनं कळवावं.’

सवडीचं म्हणाल तर निवृत्तीनंतर माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट मुबलक होती. उत्तर तेवढं नव्हतं.

आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि आपण कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, हे काम माझ्या स्वभावाला मानवलं. निवृत्त झाल्यावर काही मंडळींच्या एका गटाची माहिती कळली. कॉम्प्युटरची एक सिस्टिम जगभरातले लोक मिळून बनवतात, कुणालाही फुकट देतात, आणि तिच्या पडद्यावर येणारी वाक्यं आपापल्या भाषेत आणतात. सगळं काम मेलवर. कुणाला भेटायचं नाही, फोनवर बोलायचं नाही. मी लगेच नाव दिलं. मूळ इंग्रजी वाक्यांचे तक्ते यायचे, अकारविल्हे लावलेले, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. ‘प्लीज वेट’च्या खाली ‘प्लग’. कुठलं वाक्य कुठल्या पानावर उगवणार, हे आम्हाला कळायचं नाही. मी हजारो वाक्यं केली. सिस्टिम स्वतः कधी टाकून पाहिली नाही. पाककृतीचं पुस्तक तपासणाऱ्याला स्वयंपाक यावा लागतो थोडाच, अशी माझी समजूत.

‘ओळीबाहेर’ हा शब्द माझाच होता, म्हणून गटानं ते पत्र माझ्या पत्त्यावर पुढे धाडलं होतं. छापखान्यात एखादं अक्षर समासात घुसलं की आम्ही त्याला ओळीबाहेर गेलं म्हणायचो. पण आवाजाच्या पानावर अक्षर कुठून आलं आणि ते घुसणार कशात? ‘आपला प्रश्न योग्य आहे’ इथवर मी किती वेळा लिहिलं असेल. पुढे काही सुचायचं नाही. खोटं लिहिणं जमेना आणि ‘माहीत नाही’ लिहिण्याची लाज वाटे. तोवर आमच्याच घरातलं मशीन बंद पडलं आणि घड्याळजी मागे राहिला.

मशीन बंद पडलं म्हणजे चालू होतं, पण उपयोगाचं उरलं नाही. जुन्या विकतच्या सिस्टिमनं पडद्यावर पाटी लावली की इथून पुढे आमचा तुमचा संबंध नाही, आणि नवी आवृत्ती घ्यायला हे यंत्र पात्र नाही. ‘पात्र नाही’ हे शब्द वाचून मला उगाचच माझ्याबद्दल वाटलं. त्यानंतर एकेक गोष्ट सुटत गेली आणि शेवटी वाचणारीण गप्प झाली.

वाचणारीण म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज. नाव माझ्या बायकोनं, हिनं, ठेवलेलं. हिच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसतं; दार दिसतं, दारात कुणीतरी उभं आहे हे दिसतं, पण चेहरा नाही आणि अक्षर तर नाहीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ही ऑपरेटर होती, पुढे सुपरवायझर झाली. बोटं अजून तशीच चालतात. कीबोर्डवर न बघता पुस्तक उघडायची, हवं तिथे थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. दुपारी जेवणं झाली की खुर्ची ओढून बसायची ती संध्याकाळपर्यंत. त्या वेळी तिला हाक मारलेली चालत नसे.

वाचणारीण गप्प झाली तेव्हा ही एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर होती. दोन बहिणी नदीवर होडी चालवतात. थोरली एका संध्याकाळी पलीकडच्या काठावर जाते आणि परत येत नाही. तिथेच सगळं थांबलं.

“ती परत येते का, हे तुम्हाला माहितेय,” ही म्हणाली.

“हो.” पुस्तकाची प्रुफं मीच तपासली होती.

“सांगितलंत तर याद राखा.”

लेकीला फोन केला. ती लांब राहते. म्हणाली, “बाबा, नवीन घेऊन टाका ना. नाहीतर मी आईला फोन पाठवते, तो पण वाचून दाखवतो.”

“काचेवर बोट कुठे ठेवायचं हे मला कसं दिसणार गं?” ही मागून ओरडली. “मला बटणं हवीत. खाली दाबली गेलेली कळणारी.”

मग मी जे कधी करत नाही ते केलं. छाती पुढे काढून म्हणालो, “मी टाकतो ना नवी सिस्टिम. फुकटची. तिची वाक्यं मीच लिहिली आहेत.”

लेकीनं ‘बघा’ म्हणून फोन ठेवला.

सुरुवातीपासूनच नाकी नऊ आले. सिस्टिम पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, पण मशीन चालू होता होता एक विशिष्ट बटण दाबलं तरच ते पेनड्राइव्हकडे बघतं. कुठलं बटण, हे पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात येतं आणि वाचून व्हायच्या आत जातं. मी चष्मा लावून नाक पडद्याला टेकवून बसायचो. बटण कळायचं तोवर वेळ गेलेली. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

“बदाबदा दाबत राहा ना,” ही म्हणाली. “आधीपासूनच.”

“असं कसं? आधी विचारू तर दे त्याला.”

“तो विचारत नाहीये, तुम्हीच वाट बघताय.”

बदाबदा दाबलं. पडदा जांभळा झाला आणि त्यावर माझं वाक्य आलं: ‘आपले स्वागत आहे.’ इतकी वर्षं पुस्तकं केली, पण कधी पुस्तकानं मला या म्हटलं नव्हतं. पुढच्याच पानावर ‘विभाजन’मधला ‘वि’ दीर्घ पडलेला दिसला आणि ते सुख संपलं. त्यापुढे प्रश्न होता: ‘संपूर्ण डिस्क पुसायची आहे का? ही क्रिया मागे घेता येणार नाही.’ वाक्य माझंच, व्याकरणाला बिनचूक, आणि मी त्याच्यासमोर हात बांधून बसलो. लिहिताना ते इतकं कडक वाटलं नव्हतं. हिची पुस्तकं पेनड्राइव्हवर घेतली होती, ती पुन्हा तपासली, मग पुन्हा एकदा तपासली.

“अहो, पुसा एकदाचं,” ही म्हणाली. “भिंतीला चुना लावायचा तर जुना खरवडतातच.”

पुसलं. नवी सिस्टिम बसली. वाय-फायचं यंत्र तिला ओळखता आलं नाही, तेव्हा बैठकीपासून आतपर्यंत एक लांबलचक वायर ओढली आणि हिच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेनं चिकटपट्टीनं बसवली. तेवढ्यात मी स्वतः दोनदा अडखळलो. पण चाललं. चित्र आलं, अक्षरं आली, कीबोर्ड लागला, छापायचं यंत्रसुद्धा काही न विचारता लागलं. वाचून दाखवणारा कार्यक्रमही आत होता. मी तो सुरू केला, हिला खुर्चीत बसवलं, पुस्तक उघडलं.

काही नाही.

आवाजाची पट्टी पडद्यावर नाचत होती, वर-खाली, वर-खाली. म्हणजे वाचणं चालू होतं. स्पीकरमधून मात्र चकार शब्द नाही. मी आवाज वाढवला. पट्टी आणखी उंच नाचली.

“झालं का सुरू?” हिनं विचारलं.

“वाचतंय ते.”

“कुणासाठी?”

त्या दिवसापासून मी वायरी काढून घालत राहिलो. हिरव्या भोकातली पिन बाहेर, फुंकर, पिन आत. स्पीकरला दिवा लागायचा. त्याच्यावर कान ठेवला की बारीक घूं ऐकू यायची, म्हणजे त्यात जीव होता. मशीन चालू होतं, स्पीकर चालू होता, मधली वायर धड होती, आणि तरी घरात शुकशुकाट. एखादा माणूस समोर बसून ओठ हलवतोय आणि आपल्याला ऐकू येत नाहीये, असं वाटून मला चीड यायची. मी त्या पेटीला टपली मारली. नंतर वाईट वाटलं.

शेवटी मशीन सुताच्या पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. दुकानात गर्दी होती. मी मागे उभा राहिलो. माझ्यानंतर आलेले तीन जण आपापलं काम करून गेले, तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

“या काका. पेशंटला काय होतंय?”

“बोलत नाही.”

“तुमच्याशी, की कुणाशीच?”

लोक हसले. मिस्त्रीनं मशीनला स्वतःचा मॉनिटर लावला, दोन-चार ठिकाणी टिकटिक केलं आणि एकदम गाणं सुरू झालं. दणदणीत.

“हा तर गातोय की!”

“घरी नाही गात.”

“घरच्यांना लाजत असेल. काका, माझ्याकडे चालतंय म्हणजे मशीन ठणठणीत. तुमचे स्पीकर गेले.”

मी पिशवी उचलून घरी आलो. दंड भरून आले होते. स्पीकर रेडिओला लावले. बातम्या इतक्या मोठ्यानं लागल्या की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. मशीनला लावले. गप्प.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

“स्पीकर चांगले आहेत,” मी म्हणालो.

“मग मशीन खराब.”

“पण मशीन इथे—”

“इथे चांगलंय. म्हणजे स्पीकर.”

“स्पीकर रेडिओला—”

“काका,” मिस्त्रीनं हातातलं काम खाली ठेवलं, “खरं सांगू? फुकटची सिस्टिम आहे ही. जुनं हार्डवेअर तिला कधी झेपतं, कधी नाही. मी विकतची टाकून देतो.”

“ती या मशीनला पात्र नाही म्हणते.”

“मग मशीन नवं घ्या.”

म्हणजे लेकीनं पहिल्या फोनवर जे सांगितलं होतं तिथेच मी दोनदा पिशवी वाहून परत आलो होतो. वाद घालायला हवा होता. रस्त्यात मला उत्तम मुद्दे सुचले. दुकानाच्या पायरीवर असताना एकही सुचला नाही.

या सिस्टिमवाल्यांची प्रश्न विचारायची एक जागा इंटरनेटवर आहे. तिथे विचारावं असं ठरवलं. पण सिस्टिमच्या आभाराच्या यादीत माझं नाव आहे. वाक्यं लिहिणाऱ्यालाच सिस्टिम चालवता येत नाही, हे चारचौघांत कसं कळू द्यायचं? म्हणून ‘नवशिका’ असं नाव घेतलं. प्रश्न लिहिला, शुद्धलेखन तपासलं, एक स्वल्पविराम काढला, पुन्हा घातला, आणि पाठवला. एकानं उत्तर दिलं, ‘जुनाच प्रश्न आहे, आधी शोधत जा.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘हे आवाजाचं कार्ड कित्येक वर्षांपासून चालतं. चूक वापरणाऱ्याची.’ तिसऱ्यानं काळ्या खिडकीत टाइप करायची एक लांब ओळ दिली. ती टाकल्यावर पानंच्या पानं मजकूर आला आणि त्यात मला एक क्रियापद सापडेना. माझ्या बाजूनं बोलणारा एकच होता. त्यानं लिहिलं, ‘माझंही असंच आहे. काही कळलं तर सांगा.’

त्याच दुपारी मी आवाजाचं पान पहिल्यांदाच उघडलं. ‘ध्वनी कुठे पाठवायचा’ अशा मथळ्याखाली दोन ओळी होत्या. पहिलीत मॉनिटरचं नाव होतं आणि तिच्यापुढे बरोबरची खूण. मॉनिटर लेकीनं दिलेला, चांगला चालणारा, खूण बरोबरच होती. दुसरी ओळ अशी: ‘अंतर्गत ध्वनी – ओळीबाहेर’.

तेव्हा मला घड्याळजी आठवला. आणि इतक्या दिवसांनी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. बिघाडच होता तो! मशीनच्या पोटातलं आवाजाचं यंत्र ओळीबाहेर गेलं आहे, रांगेतून बाद झालं आहे, असं सिस्टिम सरळ सांगत होती. माझ्याच शब्दांत. मी मिस्त्रीला फोन केला. फोन करायला मला नेहमी आधी पाणी प्यावं लागतं, ते प्यायलो.

“पडद्यावर ‘अंतर्गत ध्वनी ओळीबाहेर’ असं आलंय.”

“मग बघा! तोच सांगतोय. कार्ड लायनीवर नाही. मी म्हटलं नव्हतं?”

“पण तुमच्याकडे कसं गायलं?”

“मरताना कधी कधी गातात. ठेवू का फोन?”

लेकीला कळवलं. ती म्हणाली, उद्या मशीन मिस्त्रीकडे मोडीत द्या, आईसाठी फोन आजच पाठवते, करेल हळूहळू सवय. ही जेवणानंतर सवयीनं खुर्चीत जाऊन बसली, हात कीबोर्डवर ठेवले, आणि तसेच ठेवून बसून राहिली. बोटं एका बटणावरून दुसऱ्यावर फिरत होती, दाबत मात्र नव्हती.

“मी वाचतो,” मी म्हणालो.

वाचणं मला येत नाही. म्हणजे डोळ्यांनी येतं. तोंडानं वाचायचं म्हटलं की माझा आवाज शर्टाच्या खिशात पडतो. थोरली बहीण पलीकडच्या काठावर पोचली, तिथे एक लाकूडतोड्या उभा होता. तिनं होडी बांधली. त्यानं तिचा ओला हात आपल्या हातात घेतला. इथे मी घसा साफ केला आणि पुढच्या परिच्छेदावर गेलो.

“काय गाळलंत?”

“काही नाही.”

“हात धरला आणि एकदम सकाळ झाली?”

“तसंच लिहिलंय.”

“खोटं. तुमचा श्वास बदलला. एक्स्चेंजमध्ये माझ्या कानावर लोक दिवसभर खोटं बोलायचे, मला शिकवू नका.”

“हे बघ, मला ते मोठ्यानं वाचता येत नाही.”

“मग नका वाचू.” तिनं खुर्ची मागे सारली. “तुम्ही वाचता ना, तेव्हा ते पुस्तक तुमचं होतं. कुठे थांबायचं, कुठे पळायचं, काय मला कळू द्यायचं, सगळं तुम्ही ठरवता. वाचणारीण निदान गाळत तरी नव्हती. मला माझं माझं वाचायचंय हो. उरलंय काय दुसरं माझ्याकडे?”

ही रडणाऱ्यातली नाही, रडलीही नाही. मला मात्र इतके दिवस साठलेली चीड एकदम डोक्यात गेली. कुणावर काढावी कळेना, म्हणून मशीनवर काढली.

“मी काय मुद्दाम करतोय का? सगळं केलं मी! वायरी काढल्या, वाहून नेलं, लोकांची बोलणी खाल्ली. यंत्रच गेलंय त्याला मी काय करू? इथे लिहिलंय स्वच्छ, ये, ऐक!” मी पडद्याजवळ जाऊन मोठ्यानं वाचलं. माझा आवाज पहिल्यांदाच खिशातून बाहेर आला होता. “ध्वनी कुठे पाठवायचा! मॉनिटर! अंतर्गत ध्वनी, ओळीबाहेर! ओळीबाहेर! संपलं!”

“ओळीबाहेर?” ही म्हणाली. “हे कुठल्या शहाण्यानं लिहिलंय?”

मी घसा साफ केला.

“अगं बाई,” ती म्हणाली. “तुम्हीच.”

“हो.”

“मूळ काय होतं?”

“आता कसं आठवणार? ‘ओळीची उंची’च्या खाली आलं होतं तक्त्यात, म्हणून मी छपाईतलं समजलो. दोनच शब्द होते. लाइन. लाइन आउट.”

ही हसायला लागली. खुर्चीची पाठ धरून हसत होती.

“लाइन हो, लाइन! तुमची ओळ नव्हे! इतकी वर्षं मी घरी येऊन सांगत होते, आज अमुक लाइन लागेना, तमुक लाइन कापली गेली. तेव्हा काय तुम्हाला वाटायचं मी कविता करत होते? लाइन आत येते, लाइन बाहेर जाते. बाहेर जाणारी लाइन. वायर! स्पीकरची वायर!”

“म्हणजे तो बिघाड नाही?”

“ती जागा आहे. आवाज कुठे पाठवायचा, असं विचारतोय ना तो? सध्या कुठे पाठवतोय?”

“मॉनिटरला.”

“मॉनिटरला तोंड आहे?”

मॉनिटरला तोंड नव्हतं. आमच्या मॉनिटरला नव्हतं. मिस्त्रीच्या मॉनिटरच्या पोटात मात्र स्पीकर असणार. गाणं तिथून आलं होतं. मशीन कुठल्याही दिवशी बिघडलेलं नव्हतं. ते सगळा वेळ मुक्या मॉनिटरला कादंबरी वाचून दाखवत होतं, आणि खरा रस्ता समोर असूनही मी तिकडे गेलो नव्हतो, कारण त्यावर बंदची पाटी मीच लावून ठेवली होती.

“टिचकी मारा त्याच्यावर,” ही म्हणाली.

बाण एकदा खाली घसरला, वर आणला. टिचकी मारली. खूण मॉनिटरसमोरून गेली आणि खालच्या ओळीपुढे आली.

“ओळीबाहेर,” स्पीकर म्हणाला.

नाकातला, खडबडीत, पुरुषी आवाज. वाचणारीण ती नव्हेच. शब्दाचे तुकडे पाडून बोलत होता, आणि पहिला शब्द त्याला माझाच मिळाला होता.

“सर्दी झालीय याला,” ही म्हणाली. तोवर ती खुर्चीत बसलीसुद्धा होती आणि बोटं बटणांवर होती. “सरका तुम्ही. लाकूडतोड्यापासून लावते.”

मी बाहेरच्या खोलीत गेलो. आतून तो सर्दीचा आवाज सगळं वाचत होता, ओला हात, दिवा, आणि पुढचं सगळं, एक शब्द न गाळता आणि न लाजता. मीच लाजून दार लोटून घेतलं. लेकीला फोन करून फोन पाठवू नकोस म्हणून सांगितलं. मिस्त्रीलाही सांगायला हवं होतं, पण त्यासाठी आणखी पाणी प्यावं लागलं असतं. ‘माझंही असंच आहे’ म्हणणाऱ्याला मात्र लिहिलं, नवशिका या नावानंच. गटाला कळवलं की हा शब्द काढून ‘स्पीकरची लाइन’ असं घालावं. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बघू.

मग शब्दकोशातून घड्याळजीचं पत्र काढलं. ‘आपला प्रश्न योग्य आहे’ या वाक्याच्या पुढे इतक्या दिवसांत मी गेलो नव्हतो. तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि या वेळी हात थांबला नाही. लिहिलं की बिघाड नाही, शब्द चुकला आहे, तो शब्द माझा आहे. जिथे ‘ओळीबाहेर’ लिहिलं आहे ती जागा निवडली की स्पीकरमधून आवाज येतो. पुढे लिहिलं की उत्तराला फार उशीर झाला, एव्हाना आपण मार्ग काढला असेल. नसेल आणि आपण अजून मुक्या मशीनसमोर बसत असाल, तर त्याचं मला फार वाईट वाटतं. हे शेवटचं वाक्य खोडावं का, असं हिला विचारलं.

“ठेवा,” ती म्हणाली. “बाकीचं काय लिहिलंय?”

मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

“काही गाळलंत?”

“नाही.”

संध्याकाळी आम्ही दोघं चालत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. हिनं माझा दंड धरला होता. वाटेत मी तिला विचारलं नाही की कादंबरी कुठवर आली, आणि तिनंही सांगितलं नाही. पेटीजवळ पाकीट काढलं, पत्ता पुन्हा वाचला, तिकीट नीट चिकटलंय का अंगठ्यानं दाबून पाहिलं. पाकीट फटीत सरकवलं. बोटांतून सुटलं, पण आत गेलं की कडेला अडकलं, मला कळेना. मी वाकून फटीत बघायला लागलो.

“पडलं हो,” ही म्हणाली. “मला ऐकू आलं.”